सावली मोजणारे मेश्राम भाऊ

आमच्या चंद्रपुरात ऊन हा काही कौतुकाचा विषय नाही. मार्च लागला की बाया डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड ओढणीत गुंडाळतात, पुरुष डोक्याला दुपट्टा बांधतात आणि कुत्री कुलरखालच्या ओलीत जागा धरतात. अशा गावात एक माणूस रोज लेकरांना हाका मारमारून उन्हात उभं करतो आणि त्यांच्या सावल्या मोजतो. त्याला लोक काय म्हणत असतील ते तुम्हीच ठरवा. मीही तेच म्हणत होते.

मेश्राम भाऊ वीज केंद्रात बॉयलरवर होते, आता निवृत्त. ऊर्जानगर कॉलनीच्या फाटकाबाहेर, आमच्या क्वार्टरपासून पाच मिनिटांवर त्यांचं जुनं घर. बायको वारली, एकुलती एक मुलगी वैशाली लग्न होऊन बंगलोरला गेली. घरात ते एकटे आणि पडवीच्या कोपऱ्यात बांबूच्या कामट्यांचा भारा. प्रत्येक लेकराच्या उंचीची एक कामटी, वर तेलरंगात त्याचं नाव. लेकरू उन्हात उभं करायचं आणि त्याची कामटी त्याच्या सावलीवर आडवी टाकायची. सावली लांब निघाली तर भाऊ म्हणत, "ऊन अजून कच्चं हाय, खेळा." ती कामटीपेक्षा आखूड झाली की, "आता पिकलं. बाह्या वर करा." मग घड्याळ लावायचं. हिवाळ्यात अर्धा तास. मे महिन्यात सकाळी पावणेनऊलाच सावली आखडायची, तेव्हा फक्त दहा मिनिटं, आणि लगेच सगळ्यांना पडवीत हाकलून माठाचं पाणी. "ऊन म्हंजे मीठ हाय, चवीपुरतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

इतर लोक भेटले की जेवण झालं का विचारतात. भाऊ विचारत, "सावली झाली का?" एका लग्नात त्यांनी मांडवातली आठ-दहा पोरं उचलून मागच्या उघड्या जागेत नेली, आणि इकडे नवरदेवाची आई करवली शोधत फिरत होती. विहारात रविवारी मुलांचा वर्ग असतो. भाऊंनी एकदा वंदना संपताच लेकरांसकट सतरंजी अंगणात ओढली. शिकवणारे गुरुजी वही घेऊन मागून आले, करतात काय. तेव्हापासून हिवाळ्यात तो वर्ग अंगणातच भरतो.

त्यांचं दुसरं खूळ आवाजाचं. आमची कॉलनी पाळीवाल्यांची. इथे चोवीस तास कुणी ना कुणी झोपलेलं असतं, म्हणून प्रत्येक दारात एक आई ओठांवर बोट ठेवून उभी. फक्त भाऊंच्या अंगणात लेकरांना ओरडायची मोकळीक होती. मोकळीक कसली, सक्तीच. कुणी हळू आवाजात "आबाजी" म्हटलं तर ते वळूनसुद्धा बघत नसत. घसा ताणून हाक मारली की मग, "काऊन रे बाप्पा?" मी समजत होते, बॉयलरच्या आवाजानं कान गेले असतील. पण पडवीच्या दुसऱ्या टोकाला कुणी बिस्किटाचा पुडा फोडला तर तो त्यांना बरोबर ऐकू यायचा.

घरात एका खिडकीला पडदा नाही. आणि दिवसा झोप म्हणाल तर नाव काढू नका. एकदा दुपारी ते खुर्चीत डुलताना दिसले, मी सहज म्हटलं, "झोपले होते का भाऊ?" त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय भाऊ कळायचे नाहीत. माझा नवरा कंट्रोल रूमला, पाळीचा माणूस. रातपाळी करून येणार, दिवसा झोपणार. झोपायच्या खोलीच्या काचांना मी काळा पुठ्ठा चिकटवला होता, बाकीच्या खिडक्यांना जाड पडदे. ओवी चार वर्षांची. मी शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगायची, की आमची पोरगी इतकी शहाणी, बाबा झोपले की पाऊलसुद्धा वाजवत नाही. बाहेर ऊन, राखेची धूळ. घरात भिंतीला टेकून ती चित्रं रंगवत बसायची. संध्याकाळी पाय दुखतात म्हणायची. मी तेल चोळायची आणि वाढीचे पाय म्हणून सोडून द्यायची.

एका सकाळी ओवीसोबत भाजी घेऊन येताना भाऊंनी मला कुंपणाशी थांबवलं. ओवीला टाचा जोडून उभं करायला सांगितलं आणि खिशातली काडीपेटी तिच्या गुडघ्यांच्या मध्ये धरली. काडीपेटी आरपार गेली, वर जागा उरली, इतके पाय बाहेरून बाकलेले. चार बाया बघत होत्या. माझं डोकं सणकलं. मी फटकन म्हटलं, की हिच्या आजीचीही चाल अशीच आहे, आमच्या घराण्याची चाल आहे ती.

भाऊंनी काडीपेटी खिशात टाकली. "मी बी असाच म्हणत होतो, बाई," ते म्हणाले. "डॉक्टरले दाखव. मी काई डॉक्टर नाई. मले फक्त सावली मोजता येते."

दोन दिवस मी धुसफुसत होते. तिसऱ्या दिवशी ओवीला घेऊन शहरात बालरोग डॉक्टरांकडे गेले. मनगटाचा एक्स-रे झाला, रक्त तपासलं. मुडदूस निघाला. ड जीवनसत्त्व फार कमी, हाडं मऊ पडलेली. डॉक्टरांनी विचारलं, पोरगी उन्हात खेळते का? चंद्रपूरसारख्या गावात राहून मला 'नाही' म्हणावं लागलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आठवड्यातून ड जीवनसत्त्वाची एक पुडी दुधातून, रोज कॅल्शियम, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. मला वाटलं, दोन पुड्या दिल्या तर लवकर बरी होईल. भाऊ पहिल्यांदा माझ्यावर तापले. पुडी म्हणजे काय परसाद आहे, दोनदा हात पुढे करायला? जास्त झाली तर उलटते, डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच द्यायचं. खाण्याचं मात्र त्यांनी भरभरून सांगितलं: दूध-दही, तिळाची चटणी, वाळलेली बारीक मासोळी काट्यासकट. मी पुठ्ठा काढला. नवरा मागच्या खोलीत डोळ्यांवर फडकं बांधून झोपायला शिकला. ओवीची कामटी तयार झाली, तिच्या आवडीच्या पिवळ्या रंगात नाव घालून.

हिवाळ्यात रिपोर्ट चांगला आला. पाय सरळ होऊ लागले होते. वय लहान आहे, उरलेलं वाढीबरोबर भरून निघेल, असं डॉक्टर म्हणाले. रविवारी अकराच्या सुमारास मी पेढे घेऊन भाऊंकडे गेले. ओवी अंगणात पोरांत मिसळली. भाऊ खिडकीशी बसले होते, समोर स्टुलावर मोबाईल. त्यांनी रिपोर्ट चष्मा लावून दोनदा वाचला. मी पेढा पुढे केला तेव्हा माझी नजर खिडकीच्या चौकटीवर गेली. कोपऱ्यात जुन्या काळ्या कागदाची बोटभर चिंधी चिकटलेली होती. मी तिच्याकडे बघते आहे हे त्यांना कळलं.

"तो म्या ठेवला हाय," ते म्हणाले. "बाकीचा खरडून काढला."

मग त्यांनी सांगितलं. घरभर काळा कागद होता. भाऊ रातपाळीहून येऊन झोपत, आणि वैशालीची आई तिला कोपऱ्यात बाहुली देऊन बसवत असे. हसू आलं तर तोंडावर हात ठेवायचा, हे पोरगी दोन वर्षांची असतानाच शिकली. पाय वाकले तरी भाऊ म्हणत राहिले, हिच्या आजीची चाल आहे. पाचव्या वर्षी डॉक्टरकडे नेलं.

"पाय सुधरले तिचे. थोडा बाक राह्यला, पण लोकाले दिसत नाई," ते म्हणाले. "आवाज नाई सुधरला, बाई. तिनं मले कधी वरडून हाक नाई मारली. एकडाव तरी आयकाची होती."

 मी शेजारणींसमोर ओवीच्या ज्या शहाणपणाचे गोडवे गायचे, ते हेच होतं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. रविवारी अकराला तो वाजतो, हे मला तेव्हा कळलं. भाऊ खुर्चीत ताठ बसले, केसांवरून हात फिरवला आणि स्पीकर लावला. पलीकडून बाईमाणसाचा अगदी दबका आवाज आला.

"बाबा, झोपले होते का?"

"नाई, बाई. जागाच हाय मी. कवाचा जागा हाय. तू बोल."

बाहेरून ओवी बेंबीच्या देठापासून ओरडली, "आबाजी, माही सावली आखूड झाली!"

भाऊंनी मोबाईल उचलला आणि खिडकीबाहेर धरला. अंगणात पोरांचा नुसता कल्ला चालला होता. बराच वेळ त्यांनी हात तसाच ठेवला.  वैशाली तिकडून काहीतरी बोलली, पण इतकं हळू की शेजारी उभं राहून मला एक अक्षर समजलं नाही.

भाऊंना समजलं. "हो," ते म्हणाले, "ये तू. कवाबी ये."