फुटाण्यांची ट्रायल

आमच्या मेडशीत कुणी नवे दात बसवून आलं, की त्याला सुदामबापूंकडे ट्रायल द्यावी लागते. द्यावी लागते म्हणजे काय, बापू भर रस्त्यात गाठून घेतातच. शर्टाच्या खिशात हात घालतात, मूठभर फुटाणे काढतात, समोरच्याच्या तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, "खाय. आवाज येऊ दे." मग मान कलती करून, डोळे मिटून ऐकत उभे राहतात. समोर सरपंच असो नाहीतर नवरदेवाचा बाप, चावल्याशिवाय सुटका नाही.

स्वतः बापूंच्या तोंडात खालचा एक सुळा तेवढा शिल्लक आहे. त्याला ते 'स्टेपनी' म्हणतात. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण बापूंच्या खिशात डोकावूनच कुणीतरी काढली असावी, असं आमचे हे एकदा ओट्यावर बसून म्हणाले. बापूंनी ते ऐकलं. "चणे तं हायेत ना मास्तर? मंग अर्धं काम झालं," म्हणाले आणि चालू लागले.

बापू एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखायचे म्हणे. हे आम्हाला बापूंनीच सांगितलंय, आणि त्यांच्या वेळचं डेपोतलं दुसरं कुणी गावात नसल्यामुळे मान डोलवण्यापलीकडे इलाज नाही. दातांनाही त्यांनी तोच कायदा लावला. "अस्सल दात कडकन वाजते. कवळी चपचप करते. अन् हाडात स्क्रू मारून बसवलेला दात..." इथे ते थांबायचे. तसला नमुना तोवर गावात आला नव्हता.

कवळी त्यांच्याकडेही आहे. पुण्याच्या लेकीने, कविताने, करून दिलेली. ती खिडकीत गिलासातल्या पाण्यात पडून असते. "भाड्याची गाडी हाय ते. चढावर दगा देते," असा बापूंचा निकाल. अनसिंगच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाची ट्रायल घेतली, तर पहिल्याच फुटाण्याला मामांची कोरी करकरीत कवळी हातात आली. मामा बिचारे रुमालात तोंड लपवताहेत, आणि बापूंनी ती कवळी उजेडात धरून, उलटीपालटी करून सगळ्या मांडवाला सांगितलं, "फिटिंग लूज हाय!"

अशात माझी दाढ गेली. तुरीच्या डाळीत खडा आला आणि डावीकडची दाढ उभी चिरली. वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी ती काढली आणि हाडात स्क्रू बसवला. तो हाडात मुरेपर्यंत काही महिने थांबायचं, मग त्याच्यावर दाढ. ही बातमी बापूंना लागली आणि माझ्या मागे साडेसाती लागली.

मी इथल्याच शाळेत शिकवते. शाळा सुटताना फाटकाशी बापू उभे. "सूनबाई, नट आवळला का वो?" समोर चौथीचा सगळा वर्ग! तेव्हापासून ती कार्टी मला मागे काय म्हणतात, ते इथे लिहिणार नाही. शुगर तपासली का, हाडाचा फोटो काढला का, भूल उतरल्यावर ठणकलं का, सगळं त्यांना हवं. स्क्रू छोट्याशा पान्याने आवळतात हे सांगितलं, तर गडी जागच्या जागी उजळला. "अवो, म्हंजे आमचंच काम हाय हे!"

दाढ बसल्यावर ट्रायल झाली. डावीकडून चावायचं, ही सक्त ताकीद. मी चावले. बापूंनी मान हलवली. "क्लीअर हाय." सुटले, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात पुन्हा हजर, हातात फुटाणे. तिसऱ्या दिवशीही तेच.

"बापू, पास केली ना एकदा?"

"एका ट्रायलीवर गाडी लाइनवर नाई सोडत, पोरी. डावीकडून खाय."

अस्सा राग यायचा! इकडे गॅसवर भाजी करपतेय आणि मी अंगणात उभी राहून फुटाणे फोडतेय.

शेवटी कविताचाच फोन आला. "वहिनी, बाबांना एकदा दाखवून आणा ना. मी म्हणते पक्के दात बसवून घ्या, तर म्हणतात पाहून राह्यलो. किती दिवस पाहावं माणसाने!"

एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही एसटीने वाशीमला गेलो. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट तपासलं. हाड बरं होतं, शुगर ताब्यात होती, तंबाखूचा खर्रा सोडून तर जमाना झालेला. स्टेपनी काढावी लागेल, म्हणाल्या, पण थोड्या स्क्रूंवर दातांची अख्खी पंगत पक्की बसेल. मी बापूंकडे पाहिलं. आता हे फाटे फोडतील, मग प्रश्न, मग उपप्रश्न. पण बाईंनीच त्यांना विचारलं.

"काका, मला एवढं सांगा, तुम्हाला दात कशासाठी हवेत? जेवताना हाल होतात?"

"नाई. भाकर कुस्करून खातो. सवय हाय."

"चारचौघांत बोलताना लाज वाटते?"

"लाज कायची?"

"मग घाई करू नका. ऑपरेशन आहे, महिनोन्महिने खेटे आहेत, नंतर रोज निगा राखायची. कशासाठी हवेत ते मनाशी पक्कं असेल, तर खुशाल या."

गावभर प्रश्न विचारत फिरणारा माणूस, पण या एका प्रश्नाला त्याने चष्मा काढला. काचा पुसत राहिला. मग म्हणाला, "इचार करून सांगतो."

परतीच्या गाडीत बापू खिडकीशी बसले. वाटेतलं मालेगाव मागे पडलं. मग बाहेर बघतच बोलायला लागले.

"कविताच्या मायले फुटाण्याचं लय येड होतं. दिवस बुडाला का बाजेवर बसे, पदरात फुटाणे, अन् कुडुमकुडुम चालू. मी म्हनो, बंद कर वो तुही चक्की. मंग माह्ये दात गेले, अन् तिनं फुटाणे खानंच सोडलं. मले वाटलं, सुटली सवय. पण रोज संध्याकाळी म्हने, गोठा झाडून येतो. म्हैस तं आमी कवाच इकली होती. रिकामा गोठा रोज काय झाडते हे? म्हून एक डाव गेलो मांगून."

कविताची आई म्हणजे वत्सलाकाकू. गल्लीतल्या आम्ही बायकाही त्यांच्या त्या गोठा झाडण्याला हसायचो.

"भितीकडं तोंड करून उभी होती. कुडुमकुडुम. हळूहळू खाऊन राह्यली होती. मले आयकू जाऊ नाई म्हून."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनतो? उलट्या पायी वापस आलो. ती आल्यावर इचारलं, झाला का गोठा झाडून? म्हने, झाला." बापू हसले. स्टेपनी दिसली. "तवाच ठरवलं, दात बसवाचे. तिले सांगाचं नाई. एक दिवस तिच्या पदरातले मूठभर उचलाचे अन् तिच्या बाजूले बसून कडकड वाजवाचे. पण मी पडलो मेकॅनिक मानूस. हे पाहू, ते पाहू, याले इचारू, त्याची ट्रायल घेऊ. पाहता पाहता तीच गेली."

गाडी खड्ड्यातून आदळत चालली होती.

"डॉक्टरीन म्हनते, कशासाठी पाह्यजेत. पोरगी हुशार हाय," बापू म्हणाले. "पण आता कोनाच्या बाजूले बसून खाऊ?"

दुसऱ्या दिवशी दिवस कलायला आला, तरी बापू आमच्या अंगणात आले नाहीत. रोज वैतागणारी मी, पण मला चैन पडेना. भाजी उतरवून ठेवली, गॅस बंद केला आणि त्यांच्या घरी गेले. ते बाजेवर बसले होते, एका कडेला, बाजूला माणूसभर जागा सोडून. मी त्या जागेवर बसले आणि हात पुढे केला.

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातले फुटाणे काढले. मूठ भरून दिली.

"डावीकडून ना, बापू?"

"कोनत्याबी बाजूनं खाय, पोरी."

मी खायला लागले. मुद्दाम जोरात. बापूंनी डोळे मिटले, मान कलती केली. समोरच्या रिकाम्या गोठ्यावर ऊन उतरत होतं. मूठ संपली तेव्हा मी विचारलं, "कविताचा फोन येईल. काय ठरलं म्हणून सांगू?"

डोळे न उघडताच त्यांनी पुन्हा खिशात हात घातला.

"सांग, अजून पाहून राह्यलो म्हना. माह्यं काई ठरलं नाई." माझ्या हातावर दुसरी मूठ ठेवत म्हणाले, "उद्या पुना येजो."