टाकीतले व्याही

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकणार. चौथीपर्यंतच शिकले, त्याबद्दल माफी असावी. पण आमच्या बापूंबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि ते स्वतः एका जागी बसून लिहिणाऱ्यातले नव्हेत.

बापू सांडपाण्याच्या टाकीशी बोलतात. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात संडासाचं, कँटीनचं पाणी त्या टाकीत जातं. मी झाडलोट करते, बापू टाकी सांभाळतात. सकाळी आल्या आल्या कठड्यावरून वाकून विचारतात, "काय व्याही, झोप लागली का?"

व्याही म्हणजे टाकीतले जिवाणू. डोळ्यांना दिसत नाहीत, पण पाण्यातला अमोनिया तेच खातात. "ह्यांच्यापुढं पोरीचा बाप हून ऱ्हावं लागतंय," बापू सांगतात. "हवा कमी पडली, रुसलं. थंडी पडली, रुसलं. चुना कमी झाला, रुसलं!" म्हणून बापू बसतच नाहीत. हवेच्या मशिनकडे पळतात, टाकीचा वास घेतात, बाटलीत पाणी धरून औषधाचे दोन थेंब टाकतात. पाणी पिवळं झालं की अमोनिया उरला, म्हणजे व्याह्यांनी ताटावरून हात आखडला. भाकरीसुद्धा उभ्यानेच खातात. "आवं, बसा की घटकाभर," म्हटलं, तर म्हणतात, "वरात दारात आल्यावर बसायचं आसतंय व्हय?"

अशा माणसाचे व्याही मी मारले.

मोठे साहेब येणार म्हणून संडास चकाचक करायचे होते. मी ॲसिडचे दोन कॅन ओतले. फरशी अशी पांढरी झाली की मलाच कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी बापूंच्या बाटलीतलं पाणी हळदीसारखं पिवळं. तिसऱ्या दिवशी सगळ्या आवारात नाकाला झोंबणारा वास. ठेकेदार ओरडत आला, "कुणी केलं हे? आजच्या आज घरी पाठवतो त्याला!"

घरात कमावणारी मी एकटी. बापूंनी माझ्याकडे एकदाच बघितलं.

"मशिन माझ्याकडनं बंद ऱ्हायलं," ते म्हणाले. सणालासुद्धा मशिन बंद न ठेवणारा माणूस!

ठेकेदाराने फर्मावलं, नवा गाळ स्वतःच्या पैशाने आणा. आठवड्यात वास गेला नाही तर तुम्ही घरी.

"आता काय वं करायचं?" मी विचारलं.

"काय करायचं? दही नासलं की इरजान आणायचं. सांगलीच्या टाकीतला जिता गाळ आणतो."

त्याच दिवशी टँकर घेऊन गेले. रात्री यायचे ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तोवर गेटपर्यंत माझ्या किती चकरा झाल्या, देव जाणे.

"दिवेलागणीला कुणी इरजान देतंय व्हय? सकाळी भरला," बापू म्हणाले आणि पाइप लावायला पळाले.

ड्रायव्हर हसला. "कसलं इरजान, मावशी! ती मानसं गाळ द्यायला तवाच तयार हुती. ह्यो बाबा कंदी पेढ्यांचा पुडा घिऊन एका गल्लीत जाऊन हुबा. लेकीचं सासर हाय म्हनं. तिनं आपल्या मनानं लगीन केलं, तवा ह्यानं दार लावलं. रातच्याला दारापत्तूर जाऊन माघारी आला, सकाळी पुन्हा गेला, पुन्हा माघारी. पेढं मलाच दिलं."

गाळ रुजला. पाचव्या दिवशी बाटलीतला पिवळा रंग फिकटला, सातव्या दिवशी पाणी नितळ. बापूंनी टाकीला हात जोडले.

टँकरचं भाडं मी दर पगाराला थोडं थोडं देत गेले. ते नको नको म्हणायचे, मी त्यांच्या डब्याखाली ठेवायचे. काल शेवटचे पाचशे हातात दिले, वर कंदी पेढ्यांचा पुडा ठेवला.

"ह्ये आणि काय गं?"

एवढं बोलायला मला सहा महिने लागले. "तुमचं खरं व्याही सांगलीत हायत, बापू. ह्यांची हवा मी बघते."

बापू कठड्यावर बसले. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. पुडा मांडीवर धरून बराच वेळ टाकीतले बुडबुडे बघत राहिले. मग मशिनची किल्ली माझ्या हातात दिली, सांगलीची पहिली गाडी कितीला ते विचारलं आणि नोटा न मोजताच खिशात घातल्या.

"फिटलं गं समदं," म्हणाले.