मंगळवारचा तास

दर मंगळवारी चार वाजले, की श्यामरावभाऊ आमच्या राळेगावच्या जिनिंगमधलं ‘ऑटो’, म्हणजे यंत्रं आपोआप चालवणारी संगणकाची यंत्रणा, बंद करायचे. काम ऐन भरात असलं तरी!

"हात विसरते, बाबू," म्हणत मला स्क्रीनपुढच्या खुर्चीतून उठवायचे आणि कापसातून सरकी काढणारी यंत्रं तासभर हातानं चालवायला लावायचे. मी डिप्लोमा केलेला ऑपरेटर! घामानं निथळायचो आणि मनात शिव्या घालायचो.

भाऊ जुने फिटर. स्क्रीनला ते ‘सूनबाई’ म्हणत. "गुणाची हाय, पण नवीन हाय." कापसात कोपरापर्यंत हात घालून आधी स्वतः ओल सांगायचे. मग स्क्रीनवरचा आकडा बघून म्हणायचे, "पास झाली सूनबाई!"

शेवटी मालक चिडले. "भाऊ, पुन्हा ऑटो बंद केलं तं घरीच बसा." साठीतल्या माणसाला दुसरीकडं कोण ठेवणार? तरी पुढच्या मंगळवारी चारला भाऊंनी बंद केलंच. मालकांनी महिनाअखेरीला काम सोडायला सांगितलं.

त्याच शुक्रवारी दुपारी दोन नंबरच्या यंत्रातून धूर आला. वास आला, धूर दिसला, तरी मी गाढव स्क्रीनकडंच बघत बसलो. तिथं सगळं हिरवंगार! सेन्सरवर रुईचा थर बसला होता, हे मागून कळलं.

"तिकडं काय पाहून राह्यला बे! हात लाव!" भाऊ ओरडले, आणि माझे हात आपोआप चालले. कापूस बंद, मोटार बंद, पेटलेला पुंजका ओढून बाहेर. शिव्या घालत शिकलेलं सगळं त्या क्षणी आठवलं. जिनिंग वाचलं.

मालकांनी भाऊंची नोकरी कायम ठेवली, वर मंगळवारचा तासही दिला. हे सांगायला मी संध्याकाळी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको, आमच्या काकू, दोन वर्षांपासून अंथरुणावर, वाचा गेलेली. बोटाला लेकीनं पाठवलेलं नाडी मोजायचं यंत्र. आकडा स्पष्ट दिसत होता, तरी भाऊ त्यांचा दुसरा हात धरून बसले होते.

"भाऊ, यंत्र सांगतंय की नाडी."

"सांगते ना, बरोबर सांगते. पण मी हात धरला का ही माझं बोट दाबते. ते त्यात येत नाही."

मी नोकरीचं सांगितलं.  भाऊ एकदम हातातल्या काकूंच्या हाताकडं बघून हसले.

"पाह्य, तिले समजलं."