पत्र्याचं पीस

विज्ञान लोकांपर्यंत कसं पोचवायचं ते मला विचारा! आमच्या विज्ञान केंद्रात बारा वर्षं मी प्रयोग दाखवतोय आणि माझा नियम एकच: प्रयोग फसता कामा नये. लोक सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून येतात, ते काय निसर्गाचे नखरे बघायला?

माझा हुकमी प्रयोग म्हणजे उंच काचेची नळी. पंपाने तिच्यातली हवा काढायची आणि वरून नाणं आणि पीस एकदम सोडायचं. हवाच नसल्यामुळे दोन्ही बरोबरीने खाली येतात. पण एके दिवशी सकाळीच पंपाने मान टाकली! नेमक्या त्याच दिवशी संचालकबाई नवा दालनप्रमुख निवडायला फेरी मारणार होत्या. ते पद मिळाल्याचं मी घरी आधीच सांगून बसलो होतो, त्यामुळे सासूबाईही जावयाचा पराक्रम बघायला हजर!

मी डगमगलो नाही. पत्र्याचं पीस कापलं, पांढरं रंगवलं, नळीत सोडून पाहिलं. हवा असो नसो, बेटं नाण्याच्या खांद्याला खांदा लावून खाली!

अकराला गर्दी जमली. पंपाची घरघर वाटावी म्हणून टेबलाखाली जुना पंखा लावला आणि नाणं-पीस सोडायची दोरी ओढली.

टण्ण! टण्ण!

"जावईबापू, पीस वाजलं!" सासूबाई म्हणाल्या.

"निर्वातात सगळंच वाजतं, आई!" मी ठणकावून सांगितलं.

संचालकबाईंनी शेजारच्या पेटीवरची पाटी मोठ्याने वाचली, "निर्वातात आवाज पोचत नाही." पाटी माझ्याच अक्षरातली होती.

"ही नळी वेगळी आहे, मॅडम!"

"बरं. आता हवा आत सोडा आणि पीस तरंगताना दाखवा."

झालं! प्रयोगाचा उत्तरार्ध मी साफ विसरलो होतो! झडप उघडली. हवा आत शिरल्याचा आवाज येणार कुठून? मीच तोंडाने 'फुस्स' केलं आणि नळी उलटी केली.

टण्ण! टण्ण!

"हवा खोटी आहे!" एक आजोबा ओरडले.

"हवा कशी खोटी असेल? पीस जड असेल!" त्यांच्यासोबतच्या आजी म्हणाल्या.

"मग नाणं हलकं नसेल कशावरून?" मागून कुणीतरी.

वाद पेटला. सासूबाई शांतपणे पुढे झाल्या आणि त्यांनी पर्सचं चुंबकाचं बटण काचेला लावलं. पीस टक्कन येऊन चिकटलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, पद तर गेलंच, आता नोकरीही गेली!

संचालकबाई म्हणाल्या, "बारा वर्षांत या नळीपुढे कुणी अर्धं मिनिट थांबलं नव्हतं. आज पहिल्यांदा माणसं डोकं चालवताना दिसली. हे पीस इथेच राहू दे. आणि तुम्हीपण!"

आता नळीवर नवी पाटी आहे: 'इथे लबाडी आहे. शोधा!' पाटीखाली दहा ते पाच मी उभा असतो. निम्मे लोक नळीकडे न बघताच माझ्याकडे बोट दाखवतात.

पण प्रमुख मी झालोच हं, या एका नळीचा! सासूबाईंनी तर सगळ्या नातेवाइकांना फोन केले, "जावयाला बढती मिळाली हो! लबाडी विभागाचे प्रमुख झालेत!"