नथवाली सुसर

आमचे शेजारी नाना रोज सकाळी गिरणा नदीच्या पुलावर थांबत, टोपी काढत आणि खालच्या डोहाकडे बघून मोठ्याने विचारत, "बाई, बरी शे ना?" डोहातून उत्तर यायचं नाही. नाना तरी समाधानाने मान डोलावत, टोपी चढवत आणि तिथून थेट आमच्या ओट्यावर चहाला हजर होत.

आयुष्यभर पाटकरी म्हणून कालव्याचं पाणी सोडलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला हा एकटा माणूस. बोलायला विषय एकच, डोहातली नथवाली सुसर. पूर्वी म्हणे गावात लग्न निघालं की डोहावर सुपारी ठेवून तिच्याकडे भांडी मागायची. सकाळी काठावर पराती, पातेली, समया मांडलेल्या असायच्या. लग्न उरकलं की परत नेऊन ठेवायच्या. पुढे कुण्या लोभ्याने एक पळी दडवली आणि बाई रुसली ती रुसलीच. "लगीनले पराती, समया, बठ्ठं देस ती," नाना बोट नाचवत म्हणायचे, "पन सोतानी नथ कोनलेच देत नही!"

गल्लीत तेव्हा नुकताच पहिला टीव्ही आला होता. तरी बायका आमच्या ओट्यावर नानांची सुसर ऐकायला जमत. माझी बायको तांदूळ निवडता निवडता हुंकार भरायची आणि दुधावरची साय नानांच्या चहात घालायची. मला खाली उरलेलं पाणचट दूध. मी शाळेत चित्रकला शिकवतो, घरभर माझी निसर्गचित्रं टांगलेली, त्यांच्याकडे कुणी मान वर करून बघत नव्हतं. मी नानांवर जळत होतो. मिरच्यांच्या धुरीसारखा नाकाडोळ्यांतून जळत होतो.

त्यातच तालुक्याच्या कचेरीने बोधचिन्ह मागवलं. सरकारी कागदांवर, शिक्क्यांवर, फाटकावर सगळीकडे तेच दिसणार होतं. मी आठ दिवस राबून फुटलेलं कापसाचं बोंड काढलं, मागे उगवता सूर्य. तालुक्यात दुसरा चित्रकार नाही, तेव्हा निकाल काय लागणार हे मला ठाऊक होतं. आणि नानांनीही अर्ज केला! बोधचिन्ह नथवाली सुसर असावी. सोबत चित्र नव्हतं. कचेरीने चित्र जोडायला सांगितलं, तर हे गृहस्थ माझ्याकडेच आले.

"मास्तर, तुमना हात सोनाना शे. सुसर काढी द्या. नथ डावी नाकपुडीमा. सात मोती, कमी नही, जास्ती नही."

खिशातल्या रुमालातून त्यांनी एक खरी नथ काढून माझ्यापुढे ठेवली. कोरी करकरीत. तारेला दुकानाचा दोरा तसाच होता. "ही कुठली?" मी विचारलं. "नमुना शे," एवढंच म्हणाले. विक्षिप्त माणूस, घेतली असेल सुसरीसाठीच, असं म्हणून मी पेन्सिलीला टोक केलं.

सुसर झकास उतरली. कुढत का होईना, हात माझाच होता. पण पक्की प्रत करताना मला दुर्बुद्धी सुचली. नथ गाळली की उरते काय? नदीतलं एक जनावर. त्याला कोण विचारतो? मी नथ गाळली. कचेरीत साहेबांपुढे 'सुसरबाई तुझी पाठ मऊ' करत म्हणालो, "साहेब, आपल्याला कला कळते. इतके बारीक मोती रबरी शिक्क्यात उठत नाहीत." साहेब खूश झाले. दोन्ही चित्रं बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "कापूस शेजारच्या सगळ्याच तालुक्यांत आहे. सुसर कोणाकडे आहे?"

सुसर मंजूर झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही वाजवाव्या लागल्या.

पाचोऱ्याहून शिक्का तयार होऊन आला, तसे पहिला छाप मारलेला कागद घेऊन नाना आमच्या ओट्यावर आले. चेहरा मात्र पडलेला.

"मास्तर, नथ राहीच गयी."

मी तेच मोत्यांचं पुराण लावलं. नानांनी ऐकून घेतलं. चहावर साय धरली तरी कपाला हात लावला नाही.

"मन्हा लगनमा मन्ही बायकोनी नथ शेजारथून मांगी आनेल व्हती," ते हळूच म्हणाले. "संध्याकायले परत दिनी. ती हासे. म्हने, डोहवाली बाईनं बरं शे, तिनी नथ कोनी काढी लेत नही. मंग मी दुकानमाथून नवी नथ लई ऊनू, तवय ती नही व्हती."

मी दाराकडे पाहिलं. बायको पदराने डोळे टिपत होती. "तुम्हाला माहीत नव्हतं?" ती म्हणाली. रोज सकाळी ओट्यावर तो माणूस हेच सांगत होता, आणि मी आत बसून साय मोजत होतो. मला माझी भयंकर लाज वाटली.

"नाना," मी म्हणालो, "मोती उठले असते. मीच गाळली नथ."

"माले माहीत शे," नाना म्हणाले. "तुमना कापूस चांगला व्हता, मास्तर."

मी आतून सर्वांत बारीक ब्रश आणला. त्या कागदावरच्या सुसरीच्या डाव्या नाकपुडीत नथ काढली. सात मोती, मोजून. नानांनी कागद हातभर लांब धरला, टोपी काढली आणि विचारलं, "बाई, बरी शे ना?" मग कागद खिशात ठेवून सावकाश घरी गेले.

मी ब्रश धूत उभा होतो आणि मला पुन्हा नानांचा हेवा वाटला. गेलेल्या बायकोला हा माणूस रोज पुलावर थांबून विचारतो. माझी तर दहा पावलांवर स्वयंपाकघरात होती.

मी आत गेलो. ती भाकरी थापत होती. घसा खाकरून म्हणालो, "काय गं, बरी आहेस ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं, पिठाचा हात पदराला पुसला आणि ताप आहे का बघायला माझ्या कपाळावर ठेवला.