म्हातारा चौथ्या पानावर मरतो

कथेतला माणूस कसा बदलवायचा, हे मला कुणी शिकवू नये! पहिल्या पानावर दगड असलेल्या माणसाचं शेवटच्या पानावर लोणी करून देते मी. आजवर एकही कथा छापून आलेली नाही, ही गोष्ट वेगळी.

या वेळी घड्याळं दुरुस्त करणारा एक खवट म्हातारा घेतला होता. रात्री भांडी घासता घासता नवऱ्याला सांगत होते, "सारखा खेकसत असतो बघ! तिसऱ्या पानावर जरा नरम करते आणि चौथ्यावर मारून टाकते!"

"फार हाल करू नकोस," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे सासरे चहाचा घोट घेऊन म्हणाले, "छान झालाय हो, सूनबाई!"

माझ्या हातातलं गाळणं खाली पडलं! आमचे बाबा म्हणजे कायम शिट्टीच्या बेतात असलेला कुकर. दुपारी त्यांनी स्वतःची कपबशी विसळली. संध्याकाळी तर कहरच! स्कूटर लावण्यावरून ज्यांच्याशी कित्येक वर्षं अबोला, त्या शेजाऱ्यांना जिन्यात गाठून म्हणाले, "चूक माझीच होती." शेजारी इतके घाबरले, की उलट्या पावली घरात गेले आणि आतून कडी लावून घेतली!

नवरा पांढराफटक. "बाबांना काहीतरी झालंय!"

डॉक्टर आले. बाबांना पलंगावर आडवं करून त्यांनी विचारलं, "काय त्रास होतोय?"

"गोड बोलतायत हो!" मी रडकुंडीला आले होते.

तेवढ्यात नणंद धापा टाकत आली आणि बाबांच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागली. तिच्या पाठीवर थोपटत बाबांनी मला विचारलं, "किती पानं झाली गं?"

"कसली पानं?"

"चौथ्यावर मारणार आहेस ना मला? पाणी प्यायला उठलो होतो, तेव्हा कानावर आलं. म्हटलं, सुधारलो तर निदान पाचवं पान तरी दिसेल."

"अहो बाबा, तो घड्याळवाला आहे! माझ्या डोक्यातला!"

"घड्याळवाला?" बाबा ताडकन उठून बसले. "मग मी त्या शेजाऱ्याची माफी कशाला मागितली?"

सगळे खो खो हसले. मला मात्र हसू फुटेना. सुनेला आपण नकोसे झालोय असं वाटून हा माणूस मुकाट्याने कपबशा विसळत होता! मी जवळ जाऊन बसले.

"रागावलात माझ्यावर?"

"नाही गं. तुझी सासू गेल्यापासून 'छान झालंय' हे शब्द तोंडात आलेच नव्हते. सकाळी जड गेले. मग बरं वाटलं." आणि पुढे म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला मारू नकोस. जगला तर अजून सुधारेल बिचारा."

नाही मारलं! उलट त्याला शेजाऱ्याच्या दारात उभं करून माफी मागायला लावली आणि कथा मासिकाकडे धाडली. संपादकांचा फोन आला, तेव्हा मी इतकी अधीर, की बाबांनाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"भाषा बरी आहे," संपादक म्हणाले. "पण शेवट पटत नाही हो. इतका खवट माणूस असा बदलतो का कधी?"

बाबांनी माझ्या हातातून फोन हिसकावलाच. खिडकीच्या काचा थरथरल्या.

"बदलत नाही म्हणजे? मी बदललोय, मूर्खा!"