उलटं बोट

लाइटवाल्या जावयाने डाव्या स्क्रीनवर बोट ठेवलं आणि उजव्या स्क्रीनवरचा दिवा लागला. उजव्यावर ठेवलं, तर डाव्यावरचा. दौऱ्यातला आजचा प्रयोग तासाभरावर आला होता.

दिवे चालवणाऱ्या कन्सोलला जोडलेल्या या दोन टचस्क्रीनपैकी डाव्यावर रंगमंचाचे दिवे होते, उजव्यावर प्रेक्षागृहाचे. बाकी सगळे दिवे एका बटणाने ओळीने लागत. बोटाने लावायचा तो एकच, शेवटच्या स्वगतात त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावरचा. तो श्वासासारखा उजळला पाहिजे, असं दिग्दर्शकाने बजावलं होतं. आणि आज पहिल्या रांगेत सासूबाई होत्या. लेकीने नाटकात काम करणं त्यांना कधीच पटलं नव्हतं, इतक्या वर्षांत त्या एकाही प्रयोगाला फिरकल्या नव्हत्या. मेकअपला बसताना बायको म्हणाली होती, "आज आईला माझा चेहरा नीट दिसू दे. बाकी काही मागत नाही."

त्याने सगळ्या वायरी काढून अदलाबदल करून लावल्या. चित्राच्या आणि स्पर्शाच्या दोन्ही बदलल्यामुळे गोंधळ जसाच्या तसा राहिला, म्हणून मुकाट्याने परत होत्या तशा केल्या. कंपनीला फोन लावला. पलीकडच्या माणसाने बंद करून चालू करायला सांगितलं. कन्सोल चालू झाला, बिघाडासकट. मग त्याने स्क्रीनला बोट ओळखायला शिकवायचं ठरवलं. फुलीवर बोट ठेवा, असं डाव्या स्क्रीनवर आलं. त्याने ठेवलं. फुलीवर बोट ठेवा, पुन्हा तेच आलं. कारण बोट कळत होतं उजव्या स्क्रीनला. त्या फुलीपुढे तो अगदी रडकुंडीला आला.

शेवटी त्याने हात टेकले आणि उलटंच वागायचं ठरवलं. बायकोचा दिवा हवा, तर उजवीकडे त्याच जागी दाबायचं. पहिला अंक संपेपर्यंत तो हेच घोकत होता. मध्यंतरात तो तोंडावर पाणी मारायला गेला.

शेजारी साउंड सांभाळणारा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, हे सगळं बघत होता. तेवढ्यात त्याने फक्त स्पर्शाच्या दोन वायरी बदलल्या आणि सगळं सरळ झालं. दाजी आधीच घाबरलेत, उगाच कशाला बोला, म्हणून तो गप्प बसला.

स्वगत सुरू झालं. रंगमंचावर काळोख. बायको नाटकातल्या, समोर नसलेल्या आईशी बोलत होती. जावयाने उजवीकडे बोट ठेवलं. रंगमंचावर काहीच उजळेना, म्हणून त्याने बोट आणखी वर सरकवलं. उजव्या स्क्रीनवर त्या जागी होता पहिल्या रांगेवरचा दिवा, प्रयोगानंतर पाहुण्यांना उभं करताना लावायचा. त्याच्या लख्ख उजेडात सासूबाई डोळे मिचकावत बसल्या होत्या.

"आई," काळोखातून बायकोचा आवाज आला, "एकदा तरी माझ्याकडे बघ."

"कशी बघू?" सासूबाई म्हणाल्या. "अंधारात उभी आहेस. जरा पुढे ये."

जावयाला कुठलाही दिवा लावायचं सुचेना. बायको मात्र रंगमंचाच्या पायऱ्या उतरली आणि आईच्या उजेडात जाऊन उभी राहिली. सासूबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट पाहिला. "किती वाळलीस गं," त्या म्हणाल्या. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रेक्षागृहात टाळ्या थांबेनात.

"शेवट असाच हवा," दिग्दर्शक नंतर म्हणाला. "मला पहिल्यापासून हेच हवं होतं. आता प्रत्येक प्रयोगाला आई पहिल्या रांगेत."

मेहुण्याने हळूच सांगितलं, "दाजी, वायरी मी सरळ केल्या होत्या बरं का." बायको हसत रडत होती आणि तिच्याकडे पाहून जावयाला तक्रार करवेना.

सासूबाई पर्स सावरत जवळ आल्या. "जावईबापू, दौरा संपेपर्यंत मी तुमच्याकडेच राहते," त्या म्हणाल्या. "आणि उद्या माझा दिवा जरा लवकर लावा."